आवतणाबाहेरची गुनवोर

आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना तुम्ही माझ्याबद्दल उगीच चांगलं मत करून घ्यायला नको. गुनवोर लीया देशद्रोही नव्हती, हे मला एकोणीसशे शहाऐंशीपासून ठाऊक होतं. कागद मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचले होते. आणि एकोणतीस वर्षं मी तोंड शिवून बसले.

मी बोर्गहिल्ड. हेलवीकच्या शाळेत छत्तीस वर्षं मास्तरीण होते. आमच्या गावाची बखर लिहिली तीही मीच, दोन जाडजूड खंड. कुठलं शेत कुणाकडून कुणाकडे गेलं, किती गाई, किती मुलं, कोण अमेरिकेला गेलं, असलं सगळं. प्रत्येक घराच्या कपाटात ती बखर असते. लोक त्यातलं आपलं पान वाचतात आणि लगेच शेजाऱ्याचं. लीयाच्या शेतावर मी दोन पानं लिहिली, त्यात गुनवोरच्या वाट्याला अडीच ओळी आल्या. जन्म एकोणीसशे तेवीस, अविवाहित, मेंढ्या पाळते, विणकाम उत्तम करते. लढाईची पाच वर्षं मी अशी उडी मारून ओलांडली की कुणाला खड्डासुद्धा दिसू नये.

गावात मात्र तो खड्डा सगळ्यांना ठाऊक होता. गुनवोर एकोणीस वर्षांची असताना फौजदाराच्या कचेरीत टंकलेखनाला होती. जर्मन आलेले, फौजदार त्यांच्या ताटाखालचं मांजर झालेला. बेचाळीस साली तिने जर्मनांना मिळालेल्या त्या पक्षाचं कार्ड घेतलं. त्रेचाळीसच्या फेब्रुवारीत शिपाई होडीघरावर आले आणि पळून जायच्या तयारीत असलेल्या गावातल्या दोघा भावांना, स्यूर आणि हाल्दोरला, धरून घेऊन गेले. ते परत आले नाहीत. पंचेचाळीसला देशाची सुटका झाल्यावर गुनवोरवर देशद्रोहाचा खटला झाला. होडीघराचा आरोप पुराव्याअभावी गळून पडला, पण पक्षाच्या कार्डाबद्दल शिक्षा झाली. सात महिने तुरुंग, दहा वर्षं मताचा हक्क नाही. गावाने मात्र दोन्हीची शिक्षा दिली, आणि ती दहा वर्षांत संपणारी नव्हती.

आमच्याकडे प्रत्येक शेताची आवतणाची घरं ठरलेली असतात. पिढ्यान्‌पिढ्या तीच. लग्न असो, बारसं असो, मयत असो, त्या घरांना दारात जाऊन आवतण द्यायचं, आणि आवतण आलं की कामधाम टाकून जायचं. शवपेटीला खांदा त्याच घरांतल्या सहा जणांनी द्यायचा. आवतण नसेल तर जायचं नाही, कितीही जीव तुटला तरी. लीया धरून आमची आठ घरं होती. पंचेचाळीसनंतर सात राहिली. कुणी ठराव केला नाही, भांडण केलं नाही. पुढचं लग्न आलं आणि आवतण देणारा लीयाच्या फाटकावरून सरळ पुढे गेला, बस्स.

एक्कावन्न साली तिची आई वारली. गुनवोर स्वतः सातही घरी आवतण घेऊन गेली. आमच्याही दारात आली होती, ते मला आठवतं, मी तेरा वर्षांची होते. काळा कोट, हातमोजे हातात धरलेले. माझा बाप आंद्रेस दारात उभा राहिला आणि म्हणाला, "त्या दिवशी जमणार नाही." कुठल्या दिवशी ते तिने अजून सांगितलंही नव्हतं. शेवटी खालच्या खाडीतून एक लांबचा मावसभाऊ आला आणि त्या दोघांनी पेटी गवत ओढायच्या घसरगाडीवर घालून चर्चपर्यंत नेली.

पण ती रडत बसणारी नव्हती, हेही सांगायला हवं. चाळीस मेंढ्या, तीन एडके, आणि जीभ अशी की बोलून सोय नाही. एडक्यांना तिने आवतणाच्या घरमालकांची नावं ठेवली होती. एकाचं नाव आंद्रेस. दर शरदात रस्त्यावरून जाणाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडायची, "आंद्रेस, मुकाट्याने चल, आज तुझी पाळी आहे!" माझा बाप लालबुंद व्हायचा आणि आई चुलीकडे तोंड करून हसू दाबायची. मीही हसायचे. आता त्या हसण्याचीसुद्धा लाज वाटते.

सतरा मे या देशाच्या मोठ्या दिवशी दोघा भावांच्या स्मारकाच्या दगडापाशी फुलांचं चक्र ठेवायची रीत होती. ते चक्र अठ्ठावीस वर्षं माझ्या बापाने ठेवलं. तो गेल्यावर चक्र आणि भाषण माझ्याकडे आलं. मी चांगली बोलायचे, बायका डोळे पुसायच्या. गुनवोर दरवर्षी खालच्या रस्त्यावर सायकल धरून उभी असायची. वर कधी आली नाही. मला वाटायचं, काय हा कोडगेपणा!

मग शहाऐंशी आलं. बखरीच्या दुसऱ्या खंडासाठी मी राजधानीच्या अभिलेखागारात अर्ज केला. त्या काळी देशद्रोहाच्या खटल्यांचे कागद बंद असायचे, अभ्यासकाला परवानगी मिळे, पण नावं फोडणार नाही असं लिहून द्यावं लागे. मी दिलं लिहून. वाचनकक्षात एक तपकिरी फाईल माझ्यासमोर आली. मला वाटलं, एका बाईच्या पापाची यादी वाचायची आहे. मी पेन्सिलींना टोकं काढून घेतली होती, इतकी मी हौसेने गेले होते!

पहिला कागद तिचा जबाब होता. तिने शांतपणे सांगितलं होतं की पक्षाचं कार्ड तिने आपल्या मनाने घेतलेलं नाही. कार्ड नसेल तर कचेरीतून काढून टाकतील, म्हणून आवतणाच्या सात घरांनी तिला सांगितलं, घे, तिथेच राहा, कळेल ते आम्हाला कळव, पुढे आम्ही तुझ्या बाजूने उभे राहू. सातही नावं होती. आणि पुढे होतं ते असं. फेब्रुवारीतल्या त्या दुपारी तिला कळलं की दुसऱ्या दिवशी पहाटे शिपाई होडीघरावर येणार. जेवायच्या सुट्टीत ती स्कीवरून आमच्या घरी आली, माझ्या बापाला म्हणाली, पोरांना आजच निघायला सांग, मला कचेरीत परत जायलाच हवं, नाहीतर फौजदाराला संशय येईल. माझा बाप हो म्हणाला.

त्यामागे सात जबाब. सातही घरांचे. सगळ्यांत एकच मजकूर, "मला यातलं काही ठाऊक नाही. तिच्याशी असं काही ठरलेलं नव्हतं." खाली सह्या वेगवेगळ्या, पण मजकूर एकाच हाताने लिहिलेला. ते अक्षर मला ओळखायला काय वेळ लागणार? त्याच अक्षरात बापाने माझ्या लहानपणच्या पाटीवर मुळाक्षरं घालून दिली होती. तपास करणाऱ्याने समासात पेन्सिलीने खूण केली होती, सात जबाब सारखेच. त्याच्या पुढे काही नाही. त्याला शोधायला वेळ नसेल. त्या साली अशा फाईलींचे ढीग लागले होते.

मी घरी आले आणि आईला विचारलं. ती तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिकडेच बघत म्हणाली, "आली होती ती. अंगावर बर्फ होतं. तुझा बाप बूट घालत होता. मीच म्हटलं, तू गेलास आणि तुला धरलं तर ह्या पोरीचं काय?"

"आणि मग?"

"मग त्याने बूट काढले."

"आई, पण नंतर? जबाबात तरी खरं सांगायचं!"

"नंतर काय सांगणार होतो? ती सांगायला आली होती असं म्हटलं, की ती पोरं का मेली तेही सांगावं लागलं असतं. बाकीच्यांना तुझ्या बापानेच गळ घातली." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ती पोरगी म्हणजे तूच बरं का."

मी मनात म्हटलं, लिहायचं. आठ दिवस मी तेच म्हणत होते. नवव्या दिवशी शाळा सुटताना गुनवोर फाटकात उभी. त्रेसष्ट वर्षांची, गुडघ्यापर्यंत बूट, हातात माझ्यासाठी विणलेले मोजे. गावात बातमी लपत नाही, मी कुठे जाऊन आले ते तिला कळलं होतं.

"वाचलंस ना, मास्तरीणबाई?" ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता. तो कापताना मी कधी ऐकला नव्हता. "मी कुणाकडून काही मागत नाही. फक्त, माझी आई घसरगाडीवरून गेली, तसं मला जायचं नाही. सहा माणसं खांद्याला हवीत, आपल्या घरांतली. एवढंच."

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "त्यात काही विशेष नव्हतं, गुनवोर. जुने कागद. मला त्यातलं काही कळलं नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. मोजे माझ्या हातात दिले आणि सायकलवर बसून गेली. ते मोजे मी वापरले. थंडी फार होती त्या वर्षी.

स्वतःला मी सांगितलं, सही केली आहे, कायदा आहे, नावं फोडता येत नाहीत. छान कायदा सापडला होता मला! अठ्ठ्याऐंशीत बखर आली, अडीच ओळींची. एकोणनव्वदला आई गेली. सातही घरं आली, पेटीला सहा खांदे लागले, आणि लीयाच्या फाटकावरून मिरवणूक गेली तेव्हा गुनवोर अंगणात डोक्यावरचा रुमाल काढून उभी होती.

दोन हजार पंधराच्या जानेवारीत ते सगळे कागद सर्वांसाठी खुले झाले. आता कुणीही अर्ज करून वाचू शकत होतं. माझी झोप उडाली. हे मी मुद्दाम लिहिते आहे. मला सद्‌बुद्धी झाली नव्हती, मला भीती वाटली होती. कुणीतरी नातवंड कागद काढील आणि विचारील, ही बाई शहाऐंशीत वाचून गप्प कशी बसली? म्हणून मी प्रती मागवल्या आणि वृद्धाश्रमात गुनवोरकडे गेले.

ती खिडकीशी बसली होती, एक्क्याण्णव वर्षांची, विणत. तिथे काम करणारी मारिसेल, फिलिपिन्सची, तिच्या पायाला मलम लावत होती. मी प्रती मांडीवर ठेवल्या आणि घोकून आणलेलं वाक्य सुरू केलं, "गुनवोर, मला आता नवीन काही सापडलं आहे..."

"नवीन?" ती हसली. "अगं, फाईलीच्या पहिल्या पानाला चिठ्ठी डकवलेली असते. जो वाचतो त्याने सही करायची, तारीख घालायची. बघितलीस ना?"

मी मांडीवरच्या प्रती पालथ्या घातल्या.

"मीही गेले होते. सत्त्याऐंशीच्या शरदात, मेंढ्या विकल्यावर. आपली फाईल आपल्याला वाचता येत होती. बसने दिवसभराचा प्रवास. चिठ्ठीवर एकच सही होती. इतकी सुरेख सही! म्हटलं, बाईंनी सगळं वाचलंय. मग तुझी बखर यायची होती. म्हटलं, तोंडाने बोलायला जड गेलं असेल, लिहील. शिकलेली आहे." तिने सुईवरचे टाके मोजले. "अडीच ओळी. विणकाम उत्तम करते."

"तू बोलली का नाहीस?" मी विचारलं. काय ही माझी हिंमत!

"मी बोलले असते तर देशद्रोहीण बोलतेय म्हणाले असते. पंचेचाळीसला मी बोललेच होते की. तुमच्यापैकी कुणाच्यातरी तोंडून यायला हवं होतं."

मी रडायला लागले. मारिसेलने मला कागदी रुमाल दिला, गुनवोरने नाही. मी म्हटलं, मी सातही घरी जाते, सगळ्यांना सांगते, सहा माणसं उभी करते, तुला आवतणाच्या घरांत परत घेऊ, आता लगेच.

"घेऊ?" सुया थांबल्या. "आवतण कोण देतं गं? ज्याच्या घरचं मयत, तो देतो. माझ्या मयताचं घर माझं. तू फक्त वाच. सभागृहात उभी राहा आणि सगळं वाच, बापाचं आणि तुझंही. बाकी माझं मी बघेन."

मार्चमध्ये गाव-इतिहास मंडळाची सभा होती. एरवी वीस माणसं येतात, त्या दिवशी साठ होती, कारण मी सूचनेत विषय लिहिला होता. कॉफी, वॅफल, तपकिरी चीज, सगळं नेहमीसारखं मांडलेलं. मी वाचायला लागले. तिचा जबाब, मग सात जबाब एकेक करून, नावासकट. प्रत्येक नावाला खोलीतलं कुणीतरी खुर्चीत अंग आकसून बसत होतं. मग आईचं बोलणं सांगितलं. मग शाळेच्या फाटकात मी काय म्हणाले ते.

टोर्गाइर, सातांतल्या एका घराचा नातू, उठून ओरडला, "मेलेल्या माणसांना आता कशाला खेचतेस? ते उत्तर द्यायला येणार आहेत का?"

"मी जिवंत आहे," मी म्हटलं. "मला विचार."

त्याने विचारलं नाही, तो बसला. विचारलं ओसहिल्डने. ती स्यूर आणि हाल्दोरची भाची, मागच्या रांगेत काठी धरून बसलेली. तिने कधी चढा आवाज केला नव्हता, आत्ताही केला नाही.

"बोर्गहिल्ड, तुमच्या घरापासून होडीघरापर्यंत चालत किती वेळ लागतो?"

"वीस मिनिटं," मी म्हटलं.

"बर्फात?"

"बर्फात अर्धा तास."

तिने मान हलवली, काठी घेतली आणि निघून गेली. नंतर कुणी कॉफी प्यायली नाही. वॅफल तशीच परत गेली.

गावात मग एक वेगळीच धांदल उडाली. जो तो वृद्धाश्रमात जायला लागला. कुणी फुलं, कुणी केक. टोर्गाइरसुद्धा गेला. साबा नावाची मुलगी दारावर असायची, ती सांगायची, गुनवोर झोपली आहे. दिवसाच्या कुठल्याही वेळी गेलं तरी गुनवोर झोपलेलीच. केक मात्र साबाने ठेवून घ्यावेत अशी आज्ञा होती. मला तर साबा दुरूनच बघून मान हलवायची.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गुनवोर गेली. बातमी कळली आणि सातही घरांत लोक तयारीला लागले. खरंच सांगते. टोर्गाइरने काळा कोट बाहेर वाऱ्यावर टाकला. दोन घरांनी लेफसे, आमच्या मयताच्या जेवणाच्या मऊ पोळ्या, लाटून ठेवल्या. खांद्याला कोण कोण, त्यावर दुकानात बोलणीसुद्धा झाली, आणि सहाच्या जागी नऊ जण तयार होते. मी दार उघडं ठेवून बसले. चार दिवस बसले. फाटक वाजलं की उठायचे. एकदा पोस्टमन होता, एकदा वारा.

आवतण कुठेच गेलं नाही. गुनवोरने एप्रिलमध्येच सगळं लिहून ठेवलं होतं. आवतण दोघींना, मारिसेलला आणि साबाला. पेटी उचलायला शहरातली माणसं, भाड्याची. हेलवीकच्या कुणालाही बोलावू नये.

त्या दिवशी अकरा वाजता घंटा सुरू झाली आणि मी निघाले. आवतणाशिवाय निघण्याची माझी आयुष्यातली पहिली वेळ. चर्चच्या भिंतीबाहेरच्या रस्त्यावर जाऊन पाहते, तर टोर्गाइर उभा. त्याची बायको. बाकीच्या घरांतलेही. एकेक करून तीस-पस्तीस माणसं झाली, सगळी काळ्या कपड्यांत, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. शेवटी ओसहिल्डही आली आणि माझ्यापासून दूर, एकटी उभी राहिली. शहरातल्या सहा माणसांनी पेटी आमच्या समोरून नेली. त्यांच्यातल्या एकाचा बूट चिखलात घसरला तेव्हा टोर्गाइर नकळत पुढे झाला आणि पुन्हा मागे सरला.

आमचा पाद्री तरुण आहे, जर्मनीतून आलेला, गावात त्याला दोनच वर्षं झालीत. आत रिकामी बाकं बघून तो झग्यासकट फाटकापर्यंत धावत आला. "अहो, असे बाहेर का उभे?" तो म्हणाला. "या ना आत! चर्च सगळ्यांचं आहे, आत कुणीच नाही."

कुणी हललं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी मास्तरीण, बोलायची सवय असलेली.

"आम्हाला आवतण नाही," मी म्हटलं.